रुग्णालये आणि लॅबच्या चालकांना खुले पत्र: तुमच्या अपॉइंटमेंट फॉर्मची माहिती आणखी कुठे जाते, ते एकदा तपासा

प्रति,
राज्यातील खासगी व धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त आणि वैद्यकीय संचालक, पॅथॉलॉजी लॅब व निदान केंद्रांचे मालक, तसेच स्वतःची वेबसाइट असलेले सर्व डॉक्टर

स. न. वि. वि.

तुमच्या वेबसाइटवर कुणी ‘वंध्यत्व उपचार’ हे पान उघडले आणि तिथल्या डॉक्टरांच्या नावाखालचे ‘अपॉइंटमेंट घ्या’ हे बटण दाबले, तर ही गोष्ट किती जणांना कळते? ‘रुग्णाला आणि आम्हाला’ असे तुमचे उत्तर असेल, तर ते पडताळून पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे. त्याला फार मोठा तज्ज्ञ लागत नाही. लॅपटॉप, क्रोम ब्राउझर आणि दोन मोकळे तास पुरतात.

आधी घडलेले सांगतो. जून २०२२ मध्ये ‘द मार्कअप’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने तिथल्या शंभर नामांकित रुग्णालयांच्या वेबसाइट तपासल्या. त्यांपैकी ३३ ठिकाणी अपॉइंटमेंट घेण्याच्या वाटेवर ‘मेटा पिक्सेल’ सापडला. फेसबुक, इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचा हा माग काढणारा कोड. क्लीव्हलंडमधल्या एका रुग्णालयाच्या साइटवर डॉक्टरच्या पानावरचे बटण दाबताच बटणावरचा मजकूर, डॉक्टरचे नाव आणि ज्या शब्दांनी डॉक्टर शोधला ते शब्द, म्हणजे ‘गर्भपात’, हे सगळे मेटाकडे रवाना झाले. काही रुग्णालयांत तर पासवर्ड टाकून उघडायच्या रुग्णांच्या खात्यातही हा कोड होता. त्याच वर्षी नोव्हांट हेल्थ या रुग्णालय समूहाने सुमारे १३ लाख आणि अ‍ॅडव्होकेट ऑरोरा हेल्थ या दुसऱ्या समूहाने सुमारे ३० लाख रुग्णांना ‘तुमची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे’ असे कळवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये औषधांवर सवलत देणाऱ्या गुडआरएक्स कंपनीला अशाच कारणासाठी १५ लाख डॉलर दंड मान्य करावा लागला.

यातल्या कुठल्याही ठिकाणी हॅकर शिरला नव्हता. सर्व्हर शाबूत होते. जाहिरातींचा परिणाम मोजायचा म्हणून कोड संस्थांनीच लावून घेतला होता.

तुमच्याकडे तो येण्याची वाट अगदी साधी असते. मधुमेह तपासणी शिबिराची जाहिरात फेसबुकवर द्यायची असते. एजन्सी विचारते, जाहिरात पाहून किती जणांनी फॉर्म भरला हे मोजायचे ना? मग वेबसाइटवर ‘गूगल टॅग मॅनेजर’चा एक तुकडा बसतो. पुढे त्यातून काय काय चालवायचे हे एजन्सी आपल्या कार्यालयातून ठरवते, तुमच्या वेबसाइटच्या कोडला हातही न लावता. शिबिर संपते, वर्षभराने एजन्सी बदलते, पण टॅग तसाच राहतो. पिक्सेलचे खाते जुन्या एजन्सीच्या नावावर असेल, तर तुमच्या रुग्णांच्या हालचाली आजही तिच्या खात्यात जमा होत असतात. वेब डेव्हलपरला विचारावे तर तो मूळ कोड पाहून ‘आपल्या साइटवर असले काही नाही’ म्हणतो, आणि त्याच्यापुरते ते खरेही असते.

काही ब्राउझर पत्त्याच्या पट्टीत दाखवतात त्या कुलपावरही विसंबू नका. रुग्णाचा ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये कुणी डोकावू नये, एवढेच ते पाहते. माग काढणारा कोड पानाच्या आत चालतो, म्हणून रुग्णाला दिसते ते बरेचसे त्यालाही वाचता येते. आणि तो आपली माहिती नेतो तीही तसल्याच कुलूपबंद जोडणीवरून.

आता तपासणीकडे वळू. पत्ते इथे देवनागरीत लिहिले आहेत, पडद्यावर ते रोमन अक्षरांत दिसतील.

क्रोममध्ये नवीन, रिकामे प्रोफाइल उघडा. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये जाहिराती अडवणारे एखादे एक्स्टेन्शन असले, तर ते निम्मा पुरावा तुमच्यापासूनच लपवील. इन्कॉग्निटो खिडकीत क्रोम बाहेरच्या कंपन्यांच्या कुकीज, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या ओळखीच्या छोट्या नोंदी, आपोआप अडवते, त्यामुळे तिथले चित्रही अपुरे येते. फायरफॉक्स तर खासगी खिडकीत ओळखीचे ट्रॅकर सरळ थांबवतो. रुग्णासाठी तो उत्तम, पण या कामाला गैरसोयीचा.

एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा. ही खूण विसरली की पान बदलताच आधीची यादी पुसली जाते, आणि महत्त्वाचे पुरावे नेमके पान बदलतानाच घडतात. यादी गाळताना फक्त ‘फेच/एक्सएचआर’ निवडू नका. पिक्सेल पुष्कळदा चित्र म्हणून जातो आणि काही नोंदी पान सोडताना ‘पिंग’ म्हणून. ‘ऑल’ ठेवा आणि ‘थर्ड-पार्टी रिक्वेस्ट्स’ हा पर्याय चालू करा, म्हणजे तुमच्या डोमेनबाहेर गेलेलेच दिसेल.

मग रुग्ण चालेल त्या वाटेने चाला. मुखपृष्ठ, विभागाचे पान, डॉक्टर, फॉर्म, ‘धन्यवाद’चे पान. विभाग मुद्दाम नाजूक निवडा: मनोविकार, एचआयव्ही, गर्भपात, व्यसनमुक्ती. प्रत्येक पानावर माउस हलवा, खालपर्यंत स्क्रोल करा, अर्धा मिनिट थांबा. वेबसाइटचा वेग वाढवणारी वर्डप्रेसची कित्येक प्लगिन बाहेरचे कोड पहिल्या हालचालीपर्यंत रोखून धरतात. पान उघडून लगेच बंद करणाऱ्याला सगळे स्वच्छ दिसते ते यामुळेच.

फॉर्ममध्ये नाव म्हणून रोमन लिपीतला, कुठेच न आढळणारा शब्द लिहा. नाव देवनागरीत लिहिले तर पाकिटात, म्हणजे बाहेर पाठवल्या जाणाऱ्या माहितीत, प्रत्येक अक्षराच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे दोन रोमन अक्षरे-आकडे असे तीन तुकडे येतात आणि शोधताना हाती काहीच लागत नाही. मोबाइल नंबर रिसेप्शनचा द्या, मनाने रचलेला नको, तो कुणाचा तरी असतोच. ओपीडीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ते एक वेळ अडवून बसतील. ‘सबमिट’ दाबण्याआधी मिनिटभर थांबा आणि यादी पाहा. गुनेस अचार, असुमान शेनोल आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०२२ मध्ये जगातल्या एक लाख लोकप्रिय वेबसाइट तपासल्या, तेव्हा युरोपातून भेट दिली असता १,८४४ आणि अमेरिकेतून भेट दिली असता २,९५० वेबसाइटवर ईमेल पत्ता सबमिट करण्यापूर्वीच बाहेरच्या ट्रॅकरकडे जात होता. फॉर्म अर्धवट सोडून निघून गेलेला रुग्णही अशा वेळी सुटत नाही.

यादीत काय शोधायचे? ‘कनेक्ट डॉट फेसबुक डॉट नेट’ म्हणजे पिक्सेलचा कोड उतरला. ‘फेसबुक डॉट कॉम’नंतर तिरकी रेघ आणि ‘टीआर’ म्हणजे पाकीट रवाना झाले. त्या ओळीवर क्लिक करून ‘पेलोड’ उघडा. ‘डीएल’ हा उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता, ‘ईव्ही’ म्हणजे घटना: पान पाहिले, बटण दाबले, ‘लीड’, ‘शेड्यूल’. ‘बटनटेक्स्ट’ दिसले तर बटणावरची अक्षरेही गेली. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या पाकिटात ‘डीएल’बरोबर ‘डीटी’ असते, म्हणजे पानाचे शीर्षक, ‘नैराश्य उपचार’ वगैरे. ‘क्लॅरिटी’ किंवा ‘हॉटजार’ दिसले तर रुग्णाने पानावर माउस कसा फिरवला, कुठे थबकला, याचे चित्रीकरणासारखे रेकॉर्डिंग होत आहे. टाइप केलेली अक्षरे ही साधने बहुधा झाकतात, पण झाकण नीट बसले आहे की नाही हे त्या साधनाच्या सेटिंगवर ठरते. प्रत्येक रकान्यासाठी स्वतः पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नये.

‘अ‍ॅप्लिकेशन’ टॅबमध्ये कुकीज पाहा. ‘_एफबीपी’ नव्वद दिवस राहते. ‘_जीए’ दोन वर्षे मागते, क्रोम तिला चारशे दिवसांवर आणून ठेवते. या दोन्ही तुमच्याच डोमेनच्या नावाने बसतात, म्हणून ‘आमच्याकडे थर्ड-पार्टी कुकीज नाहीत’ हे एजन्सीचे वाक्य खरे असूनही निरुपयोगी ठरते.

सरतेशेवटी नेटवर्क टॅबमधून पूर्ण नोंद ‘एचएआर’ फाइल म्हणून उतरवा, नोटपॅडमध्ये उघडा आणि तो विचित्र शब्द शोधा. मग मोबाइल नंबर शोधा. सापडला नाही म्हणून निःशंक होऊ नका. पिक्सेलची ‘अ‍ॅडव्हान्स्ड मॅचिंग’ ही सोय चालू असेल, तर नंबर ‘शा-२५६’ या पद्धतीने हॅश होऊन, म्हणजे चौसष्ट अक्षरांची एक माळ होऊन जातो. तुमच्या नंबराचा हॅश स्वतः काढा: सुरुवातीला ९१, अधिकचिन्ह नाही, मध्ये जागा नाही. लिनक्सवर ‘एको’ आज्ञा वापरली तर ‘-एन’ जोडायला विसरू नका, अन्यथा शेवटी एक अदृश्य नवी ओळ चिकटते आणि हॅश साफ वेगळा येतो. ईमेलचा काढताना सगळी अक्षरे लहान लिपीत हवीत. ही माळ फाइलमध्ये सापडली, तर नंबर गेला असे धरा.

‘हॅश केला आहे, म्हणजे सुरक्षित’ हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल, म्हणून त्यावर थोडे. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त ४०० कोटी. एवढे हॅश काढायला आजच्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंद लागतात. आणि मेटाला तेवढेही कष्ट नाहीत: आपल्या खातेदारांच्या नंबरांचे हॅश तिच्याकडे आहेतच, जुळवून पाहणे हाच या सोयीचा उद्देश. आरोग्याची माहिती आली तर ती गाळून टाकतो असे मेटा सांगते, पण ती गाळणी माहिती तिच्याकडे पोहोचल्यावर लागते.

कुकीची परवानगी विचारणारी पट्टी तुमच्या साइटवर असेल, तर हीच तपासणी आणखी दोनदा करा. एकदा पट्टीला हात न लावता आणि एकदा ‘नको’ म्हणून. दोन्ही वेळा पाकिटे जात राहिली, तर ती पट्टी निव्वळ शोभेची आहे.

एवढे करायला वेळ नसेल तर सुरुवात म्हणून ‘ब्लॅकलाइट’ वापरता येईल. ‘द मार्कअप’नेच २०२० मध्ये ते मोफत खुले केले. वेबसाइटचा पत्ता द्यायचा, ट्रॅकर, कुकीज, सेशन रेकॉर्डिंग, टायपिंगवर पाळत, पिक्सेल यांची यादी मिळते. मुखपृष्ठाचा पत्ता देऊन समाधान मानू नका. ते साधन मुखपृष्ठ आणि आतले एखादे पान पाहते, तुमचा अपॉइंटमेंटचा फॉर्म त्याच्या वाट्याला येईलच असे नाही. फॉर्मच्या पानाचा पत्ता वेगळा द्या. शिवाय ते रकान्यांत अक्षरे भरते पण सबमिट दाबत नाही, त्यामुळे ‘धन्यवाद’च्या पानावरचे काहीही त्याला दिसत नाही. अहवालात सापडले तर नक्की आहे, सापडले नाही तर हाताने पाहायचे बाकी आहे, असे समजावे. तुमचे अँड्रॉइड अ‍ॅप असेल, तर ‘एक्सोडस प्रायव्हसी’ या फ्रेंच संस्थेच्या साइटवर त्याच्यात दडलेल्या ट्रॅकरची यादी पाहता येते.

लॅबवाल्यांसाठी एक वेगळा परिच्छेद लिहायलाच हवा. तुम्ही रुग्णाला एसएमएसने रिपोर्टची लिंक पाठवता. तिच्या पत्त्यातच मोबाइल नंबर किंवा रुग्ण क्रमांक असेल आणि त्या पानावर कुठलाही ट्रॅकर असेल, तर ‘डीएल’मधून तो आपोआप बाहेर जातो, कुणी मुद्दाम पाठवावा लागत नाही. लखोट्यावर निदान छापून तो पोस्टात टाकण्यासारखेच हे. ‘रेफरर पॉलिसी’ लावली आहे, असे डेव्हलपर सांगेल. ती दुसऱ्या साइटकडे जाताना पत्ता लपवते, पण पानाच्या आत चालणारा कोड पत्त्याची पट्टी थेट वाचतो, त्याला ती अडवत नाही. उपाय एकच: पत्त्यात फक्त लांबलचक, अंदाज न करता येणारा आणि काही दिवसांनी बाद होणारा संकेत ठेवा, नंबर आणि ओटीपी पानावर टाइप करून घ्या आणि त्या पानावर बाहेरचा एकही कोड ठेवू नका. बाहेरच्या कंपनीकडून लिंक छोटी करून घेणेही थांबवा. तो पूर्ण पत्ता तिच्याकडे साठतो.

दुरुस्तीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: रुग्णालयाच्या वेबसाइटवर जाहिरात कंपनीचा पिक्सेल कुठेच नको. ‘फॉर्मवर नको, मुखपृष्ठावर चालेल’ हा मधला मार्ग टिकत नाही, कारण टॅग मॅनेजरमध्ये एक खूण बदलली की तो सगळ्या पानांवर पसरतो. शिबिराच्या जाहिरातीचा परिणाम मोजायचा असेल, तर त्या शिबिरापुरते वेगळे पान करा आणि किती फॉर्म आले ते आपल्याच डेटाबेसमध्ये मोजा, किंवा जाहिरातीत वेगळा फोन नंबर द्या. एकूण भेटी मोजायला ‘मॅटोमो’ हे साधन आपल्या सर्व्हरवर बसवता येते, कुकीज बंद ठेवून आणि आयपी पत्त्याचे शेवटचे दोन भाग पुसून. तेवढेही नको असेल तर सर्व्हरच्या लॉगवरून ‘गोअ‍ॅक्सेस’ आकडे काढून देते.

बाकीच्या फटी लहान आहेत, पण बुजवायला सोप्या. गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट आणू नका. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एवढ्याच कारणावरून एका वेबसाइटला शंभर युरो भरपाई द्यायला लावली. ‘मुक्त’, ‘बलू’ हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, ते उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवा. चौकटीत बसवलेल्या गूगल नकाशाऐवजी नकाशाचे चित्र आणि खाली लिंक द्या. व्हॉट्सअ‍ॅपची साधी लिंक दाबेपर्यंत काही सांगत नाही, चॅटची तरंगणारी खिडकी मात्र पान उघडताच बाहेरचा कोड आणते. पेमेंट गेटवेचा कोड काढता येणार नाही, तो फक्त पैसे भरायच्या पानावरच उतरू द्या.

हे सगळे झाले की दाराला कडी लावा. फॉर्म आणि रिपोर्टच्या पानांवर ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ हा हेडर, म्हणजे पानाबरोबर ब्राउझरला जाणारी सूचना, लावून कोड, चित्रे, बाहेरच्या जोडण्या, चौकटी आणि फॉर्मचे गंतव्य या सगळ्यांना फक्त आपल्याच डोमेनची परवानगी द्या. आधी आठवडाभर तो ‘रिपोर्ट ओन्ली’, म्हणजे न अडवता फक्त नोंद करण्याच्या, अवस्थेत चालवा, नाहीतर पानातच लिहिलेले छोटे कोड बंद पडून फॉर्म रुसतो. पुढच्या मोहिमेच्या वेळी ‘यादीत टॅग मॅनेजर तेवढा घाला’ अशी मागणी येईल. ती मान्य केली की हेडर असून नसल्यासारखा.

ब्राउझरमधून न दिसणारेही काही उरते. मेटाची ‘कन्व्हर्जन्स एपीआय’ ही सोय तुमच्या सर्व्हरवरून थेट मेटाच्या सर्व्हरकडे माहिती पाठवते, नेटवर्क टॅबमध्ये तिचा मागमूस नसतो. काही ट्रॅकर तुमच्याच डोमेनचे उपनाव घेऊन येतात. अशा अनोळखी उपनावावर ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा चालवली की ते शेवटी कुणाच्या दारी जाते ते समजते. पहिल्या प्रकारासाठी मात्र एजन्सीकडून लेखी घ्यावे लागेल: कोणती माहिती, कोणत्या कंपनीकडे, कोणत्या मार्गाने, कोणाच्या खात्यात. टॅग मॅनेजरचे मालकी हक्क रुग्णालयाच्या ईमेलवर घ्या आणि ‘पब्लिश’ करण्याचा अधिकार एजन्सीकडून काढून घ्या.

‘एजन्सीने लावले’ हे उत्तर कायद्यातही चालणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहिती गोळा करणाऱ्या संस्थेची जबाबदारी तिच्यासाठी काम करणाऱ्याशी काहीही करार झाला असला तरी संपत नाही. संमती स्पष्ट, विशिष्ट हेतूपुरती आणि परत घेता येईल अशी हवी. तिची सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय द्यायला हवा. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. पण काही गोष्टींना मुदतीची वाट पाहायचे कारणच नाही. गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव व तपशील उघड करण्यास गर्भपातविषयक कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने बंदी आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम आणि एचआयव्ही-एड्स अधिनियम, दोन्ही २०१७ चे, गोपनीयतेचा हक्क देतात. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाचे गुपित फोडणे गैरवर्तन आहे. ज्या विभागाची नोंदवही कुलपात ठेवली जाते, त्याचे वेबसाइटवरचे पान कुणी उघडले हे मात्र बाहेरच्या कंपनीला कळावे, हे आम्हाला तरी पटत नाही.

रुग्ण काय करू शकतो? फायरफॉक्समध्ये, मोबाइलवरसुद्धा, ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारे एक्स्टेन्शन बसवू शकतो. क्रोममध्ये आता त्याची ‘लाइट’ आवृत्तीच चालते. अँड्रॉइड ९ पासून पुढे ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये जाहिराती अडवणारा पत्ता भरू शकतो. जमेल त्याने हे जरूर करावे. पण छातीत दुखते म्हणून वेळ घ्यायला आलेल्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवणे गैर आहे, आणि तुमच्या सर्व्हरवरून थेट जाणाऱ्या माहितीपुढे त्याची ही सगळी साधने निकामी आहेत.

म्हणून विनंती अशी: तपासणी टॅग लावणाऱ्या एजन्सीकडून करून घेऊ नका. तुमच्या आयटी विभागातल्या किंवा बाहेरच्या तटस्थ माणसाला सांगा. सापडलेल्या प्रत्येक बाहेरच्या पत्त्यापुढे तो कशासाठी आहे आणि कुणाच्या परवानगीने, हे लिहायला लावा. उत्तर न मिळालेला पत्ता त्याच दिवशी काढा. एचएआर फाइल मात्र कुणाला ईमेलने पाठवू नका, तिच्यात फॉर्ममध्ये भरलेले सगळे तपशील असतात. प्रत्येक नव्या मोहिमेनंतर आणि वेबसाइटच्या प्रत्येक बदलानंतर तपासणी पुन्हा करा. आणि जुन्या पिक्सेलमधून रुग्णांची माहिती आधीच गेली आहे असे आढळले, तर कोड गुपचूप काढून मोकळे होऊ नका. कोणत्या तारखेपासून, कोणत्या पानांवरून, काय गेले, हे मराठीत लिहून आपल्याच वेबसाइटवर लावा आणि ज्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत त्यांना कळवा.

कळावे,

आपले,
वेबसाइट बांधण्याचे आणि तपासण्याचे काम करणारे काही मराठी तंत्रज्ञ